विरजण, आहेर आणि पाटाची पाळी

मार्च २०२४ च्या अखेरीस दहा दिवसांत मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगात दोन गोष्टी घडल्या. २० मार्चला रेडिस कंपनीने आपल्या त्याच नावाच्या डेटाबेसचा मोकळाढाकळा बीएसडी परवाना बदलला. उद्देश असा की, मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तो सेवा म्हणून विकू नये, विकायचा तर वेगळा करार करावा. आठवड्याभरातच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या कोडवरून 'व्हॅल्की' ही वेगळी शाखा उभी राहिली. २९ मार्चला पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडने जाहीर केलं की, फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या अवजाराच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला आहे. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, अशा बारीक खुणांवरून त्याने तो शोधला होता.

या दोन्हींवरून जो वाद झाला, आणि तशी घटना घडली की जो दरवेळी होतो, त्यात एक शब्द हमखास येतो: दान. रेडिसवर चिडलेले म्हणतात, एकदा दिलेलं दान परत कसं मागता? रेडिसच्या बाजूचे म्हणतात, फुकट घेऊन अब्जावधी कमावणाऱ्यांना निदान कृतज्ञता तरी हवी होती. थोडं मानववंशशास्त्र वाचलेले मधे पडून सांगतात, अहो, ही भेटींची अर्थव्यवस्था आहे, इथे देणं-घेणं-परतफेड हे चक्र चालतं. तिघेही एकच गोष्ट धरून चालतात की, इथे कुणीतरी देणारा आहे, कुणीतरी घेणारा आहे आणि प्रश्न त्या दोघांमधल्या ऋणाचा आहे. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचं आहे. मुक्त सॉफ्टवेअर वाटणं ही भेटींची देवाणघेवाण नाही आणि दानही नाही. ते सामायिक पाटासारखं आहे. पाणी सगळ्यांचं, पण गाळ काढायची पाळी कुणाची हे ठरलेलं नसेल तर पाट बुजतो. भेटीची भाषा ही पाळीच नजरेआड करते, म्हणून ती नुसती चुकीची नाही, महागात पडणारी आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये भेटींवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात भेटीला तीन बंधनं सांगितली: देणं भाग, स्वीकारणं भाग आणि परतफेड करणं भाग. म्हणजे मॉसची भेट फुकट नव्हेच. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे, आहेर. वहीत नाव आणि रक्कम लिहून ठेवायची, समोरच्याच्या घरी कार्य निघालं की त्याहून थोडं वरचढ परत करायचं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात तेव्हाही, ज्यांचा आहेर आपल्या वहीत आहे त्यांच्या मनात चलबिचल होतेच. दान याच्या नेमकं उलट. धर्मशास्त्रातली दानाची व्याख्या सांगते की, वस्तूवरचं आपलं स्वत्व, म्हणजे मालकी, संपवून तिथे दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं म्हणजे दान. दानात परतफेडीची अपेक्षा ठेवली तर ते दानच बिघडतं. (मॉसने महाभारतातल्या अनुशासनपर्वाचाही विचार केला होता, त्यामुळे हा फरक त्याच्यापासून फार दूर नव्हता.) आता आपला वाद पाहा. लोक तोंडाने दान म्हणतात आणि मनात आहेराची वही उघडून बसतात.

भेटीच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे तो असा. मुक्त सॉफ्टवेअरवर लिहिणारा प्रोग्रामर एरिक रेमंड याने १९९८ मध्ये लिहिलं की, जिथे मूलभूत गरजांची टंचाई नसते तिथे माणसं काय बळकावलं यावरून नव्हे तर काय देऊन टाकलं यावरून मोठी ठरतात, आणि प्रोग्रामरांचं जग तसंच आहे. त्यात तथ्य आहे. नाव मिळतं, नावावर नोकऱ्या मिळतात, आणि चांगला कोड मोकळा करणाऱ्याला सभेत मान असतो. त्याहून नेमका मुद्दा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा आहे. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत भेटवस्तूत 'हाउ' नावाचं चैतन्य असतं. वस्तू कितीही हात फिरली तरी ते मूळ जागी परतू पाहतं, असं मॉसने नोंदवलं. जीपीएलही कोडला असंच चिकटलेलं असतं. रिचर्ड स्टॉलमनने सप्टेंबर १९८३ मध्ये संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आणली. 'घे, बदल, वाट, पण वाटशील तेव्हा पुढच्यालाही हेच हक्क दे' ही त्याची अट. हे 'हाउ' नाही तर काय?

नाही, आणि का नाही ते परवान्याच्या कलमांतच दिसतं. समजा एखाद्या कारखानदाराने लिनक्स ही जीपीएलखालची कार्यप्रणाली घालून राउटर विकला. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार त्याने डब्यासोबत पूर्ण मूळ कोड आणि तो बांधायच्या स्क्रिप्टा द्यायच्या, किंवा निदान तीन वर्षं टिकणारं लेखी आश्वासन द्यायचं. कुणाला? लिनक्सच्या मूळ कर्त्याला, लिनस टोरवाल्ड्सला, नव्हे. 'कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीला'. मूळ लेखकाकडे एक ओळही परत पाठवायचं बंधन नाही. आणि त्याच कारखान्याने लिनक्समध्ये हवे तेवढे बदल करून ते फक्त स्वतःच्या कार्यालयात चालवले, तर कुणालाच काही द्यायला नको. म्हणजे बंधन घेतल्यामुळे येत नाही, पुढे वाटल्यामुळे येतं, आणि जातं ते मागे नाही, पुढे. आहेर घेऊन तो परत न करता रस्त्याने जाणाऱ्याला द्या, असं सांगणारी वही कुणी पाहिली आहे का?

दुसरं बंधन स्वीकारण्याचं. मॉसच्या जगात भेट नाकारणं म्हणजे नातं तोडणं, कधीकधी युद्धाची हाक. सॉफ्टवेअरमध्ये नाकारणं हे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं रोजचं काम आहे. बाहेरून आलेला कोडमधला प्रत्येक बदल म्हणजे पुढची दहा वर्षं सांभाळायचं एक ओझं असतं, कारण पाठवणारा निघून जातो आणि चूक निघाली की प्रकल्पालाच निस्तरावी लागते. म्हणून लिनक्सला पाठवलेल्या बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते, म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे अशी सहीनिशी ग्वाही. २००४ पासूनची ही प्रथा आहे. अशी कागदपत्रं मागून भेट स्वीकारणारा यजमान विरळाच.

दानाची कसोटी लावली तरी तेच. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२२ सांगतं की, भेट म्हणजे अस्तित्वात असलेल्या मालमत्तेचं स्वेच्छेने, मोबदल्याविना हस्तांतर. कलम १२४ पुढे सांगतं की, भविष्यातल्या मालमत्तेची भेट तेवढ्यापुरती निरर्थक. मुक्त परवान्यात हस्तांतर होतच नाही, स्वामित्व लेखकाकडेच राहतं आणि त्याच्याच जोरावर तो अटी घालतो. लेखकाला स्वत्व खरोखर सोडायचं असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम २१ ची वाट आहे, पण मुक्त सॉफ्टवेअरवाले सहसा तिकडे फिरकत नाहीत, कारण स्वामित्व गेलं की जीपीएलच लुळं पडतं. त्यात पुन्हा वापरणाऱ्याला खरी हवी असते ती पुढच्या वर्षीची दुरुस्ती, आणि ती तर अजून अस्तित्वातच नाही. परवान्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: आहे असं, हमीविना.

खऱ्या दानाच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण आहे एसक्यूलाइट. जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला हा छोटा डेटाबेस डी. रिचर्ड हिप यांनी थेट सार्वजनिक मालकीत सोडला आहे. परवाना नाही, अट नाही. आणि गंमत अशी की, हा प्रकल्प बाहेरच्यांचा कोड सहसा स्वीकारतच नाही, कारण दुसऱ्याचा कोड आला की 'सगळं सार्वजनिक' या दाव्याला तडा जातो. म्हणजे जिथे दान शुद्ध आहे तिथे देवाणघेवाण नाही, आणि जिथे देवाणघेवाण आहे तिथे दान नाही. खर्च भागतो तो सदस्य कंपन्यांच्या वर्गणीतून आणि कामाच्या पैशांतून. काही कंपन्यांच्या वकिलांना हे सार्वजनिकपण पचत नाही, त्यांना पैसे घेऊन मालकीच्या शुद्धतेची हमी लिहून दिली जाते. दान घेताना पावती विकत मागणारे!

इथे जाणकार प्रतिपक्षी मानववंशशास्त्रज्ञ अॅनेट वायनर यांच्याकडे बोट दाखवतील. मलिनोव्स्की या आधीच्या पिढीतल्या मानववंशशास्त्रज्ञाने जिथे काम केलं त्याच, पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर त्यांनी पुन्हा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये मांडलं की, काही वस्तू माणसं 'ठेवून देतात', म्हणजे दिल्या तरी त्यांवरचा हक्क सुटत नाही. मग स्वामित्व राखून कोड देणं यातच का बसू नये? मुद्दा तोलामोलाचा आहे. पण तिथे वस्तू राखली जाते ती घराण्याचं वेगळेपण आणि वरचढपण टिकवायला. जीपीएलमध्ये हक्क राखला जातो तो कुणीच, अगदी मूळ घराण्यानेसुद्धा, वरचढ होऊ नये म्हणून. साधन तेच, पण हेतू बरोबर उलटा. आणि अटी मोडल्या तर पंचांसमोर मान खाली घालावी लागत नाही, कोर्टात जावं लागतं. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएल लागू केला. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने खेळण्यातल्या रेल्वेच्या एका सॉफ्टवेअरवरून झालेल्या 'जेकबसन विरुद्ध कॅट्झर' खटल्यात सांगितलं की, पैसे हातबदल झाले नाहीत म्हणून आर्थिक मोबदला नव्हता असं धरता येत नाही, आणि मुक्त परवान्याच्या अटी या खऱ्याखुऱ्या अटी आहेत.

मग हे आहे तरी काय? उगमाकडे पाहिलं की बरंच स्वच्छ होतं. १९५५ मध्ये आयबीएमच्या ७०१ या संगणकाच्या ग्राहकांनी 'शेअर' नावाचा गट काढला. नवं ७०४ येऊ घातलं होतं आणि त्यासाठी प्रत्येक ग्राहक तेच ते प्रोग्राम पुन्हा लिहायला बसणार होता. त्यांनी काम वाटून घेतलं. कुणी कुणाला काही भेट दिली नाही, वीस जणांनी वीस विहिरी खणण्याऐवजी एक खणली. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करायचं जाहीर केलं, १९७६ मध्ये बिल गेट्सने संगणकाचा छंद असणाऱ्यांना उघड पत्र लिहून विचारलं की, फुकटात व्यावसायिक दर्जाचं काम कुणाला परवडेल, आणि मग लोकांनी 'विकणं' व 'देणं' असे दोनच रकाने उरले असं मानलं. तिसरा, सगळ्यात जुना रकाना, म्हणजे मिळून करणं, विसरला गेला.

आपल्याकडे त्या रकान्याचा उत्तम नमुना धुळे-नाशिक भागातली फडपद्धत. पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे, त्यांतून निघणारे पाट, पाटाखालची जमीन फडांत विभागलेली, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक. बारं, म्हणजे पिकाला पाणी, कुणी आणि कधी द्यायचं हे शेतकरी ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. त्याचा मोबदला सगळे मिळून देतात. आणि मुख्य गोष्ट, वर्षातून एकदा पाटातला गाळ काढायला ज्याची जमीन भिजते त्या प्रत्येकाने यायचं. इथे पाण्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. गाळ काढायला न येणाऱ्याला कृतघ्न म्हणत नाहीत, त्याला पाळी चुकवली म्हणतात. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कृतघ्नपणा हा स्वभावाचा दोष, त्यावर उपाय नाही. चुकलेली पाळी मोजता येते आणि भरून घेता येते.

उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, हे कबूल करायला हवं. पाणी वापरलं की कमी होतं. कोड विरजणासारखा आहे. शेजारणीला चमचाभर दिलं तर आपलं दही कमी होत नाही. याच गुणामुळे सगळे फसतात. 'देऊन संपत नाही, मग खर्च कसला?' पण विरजण टिकवायला कुणीतरी रोज दूध तापवत असतं. कोडची प्रत काढणं जवळपास फुकट आहे, कोड जिवंत ठेवणं नाही. वापरणारे लाखाने वाढले की प्रती संपत नाहीत, सांभाळणाऱ्याचे तास संपतात.

ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. बँकेच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या कुलपामागे बहुधा हेच असायचं. त्यात मार्च २०१२ च्या १.०.१ या आवृत्तीबरोबर एक चूक आली. 'जिवंत आहेस का' विचारणाऱ्या संदेशात पाठवणाऱ्याने जी लांबी सांगितली, ती खरी आहे का हे तपासणारी ओळ राहून गेली. दोन-चार बाइट पाठवून चौसष्ट हजार म्हणून सांगितलं, तर सर्व्हर स्मृतीतला शेजारचा ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांसह, परत पाठवायचा. हे उघड झालं एप्रिल २०१४ मध्ये. तोवर या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ माणूस एक. जगभरच्या कंपन्या वाईट होत्या म्हणून असं झालं? नाही. भेट मिळाली आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि भेटवस्तूच्या देखभालीचं बिल कुणी मागवत नाही. नंतर डझनभर कंपन्यांनी तीन वर्षं दरसाल एकेक लाख डॉलर द्यायचं ठरवलं. ती वर्गणी होती. भेट म्हणून कुणीच दिली नाही, आणि म्हणूनच ती उपयोगी पडली.

एक्सझेडमध्ये भेटीची भाषा याहून भीषण रीतीने उलटली. एकट्याने, थकून, मोकळ्या वेळात सांभाळणाऱ्या माणसावर २०२२ मध्ये अनोळखी नावांनी दबाव आला: बदल वेळेवर घेत नाहीस, दुसऱ्याला हाती दे. मदतीला आधीपासूनच हजर होता तो एक कष्टाळू, विनम्र, विनामोबदला राबणारा सहकारी. दोनेक वर्षं त्याने उपयोगी बदल दिले आणि शेवटी चोरदरवाजाही दिला. तोही चाचणीच्या फाइलींत दडवून आणि प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यातच जोडणी करून, म्हणजे उघड्या कोडवर नजर टाकणाऱ्याला सहज दिसू नये. मॉसच्या नियमाने पाहिलं तर त्याने सगळं यथासांग केलं. आधी दिलं, ऋण निर्माण केलं, मग ते वसूल केलं. फडात अनोळखी माणसाने दोन वर्षं गाळ काढला म्हणून बंधाऱ्याचं दार त्याच्या एकट्याच्या हाती देत नाहीत.

'पण माणसं प्रेमाने करतात हो,' हा आक्षेप उरतो. करतात, नक्कीच करतात. इर्जिकीला, म्हणजे गावाने मिळून एकाचं शेत नांगरायलाही, माणूस शेजाऱ्याच्या मायेने औत घेऊन जातो, जेवणाच्या ओढीनेही जातो, म्हणून इर्जिक ही भेट ठरत नाही. एकाची वैयक्तिक भावना आणि व्यवस्थेचं स्वरूप या दोन गोष्टी आहेत. शिवाय कंपन्या बदल परत पाठवतात त्यामागचं मोठं कारण तर भावनेच्या वाऱ्यालाही उभं नसतं. चाळीस खासगी बदल स्वतःजवळ ठेवले की, मूळ प्रकल्पाची प्रत्येक नवी आवृत्ती आली की ते पुन्हा बसवायचे, टकरावणारे हाताने जुळवायचे, पुन्हा तपासायचे, आणि तोवर सुरक्षेची दुरुस्ती ताटकळते. बदल मूळ प्रवाहात गेला की ते ओझं सगळ्यांत वाटलं जातं. आज लिनक्सच्या गाभ्यातले बहुतांश बदल पगारी माणसं करतात, ते याच हिशेबाने.

पाळी नेहमी पैशाचीच असते असंही नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक पडद्यावर दिसतो, कारण फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांच्या पोटात हार्फबझ नावाचं अक्षरं जुळवणारं इंजिन आहे. ते मुख्यतः बेहदाद एस्फहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरने वाढवलं. मराठी वाचक त्याला ओळखत नाही, त्याचं काही लागतही नाही. पण एखाद्या फॉन्टमध्ये 'दऱ्या'चा 'दर्या' होऊन डोंगरात समुद्र शिरला, तर ते ओळखणारा मराठी माणूसच असणार. ती त्याची पाळी. नुसतं 'मराठी नीट दिसत नाही' असं लिहून ती भागत नाही. कोणती अक्षरं कोणत्या क्रमाने टंकली (ऱ वापरला, की र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह), फॉन्ट कोणता आणि त्याची आवृत्ती कोणती, दिसलं काय आणि दिसायला हवं होतं काय, चित्रासह. असा अहवाल सांभाळणाऱ्याचे तास वाचवतो, मोघम तक्रार ते खाते.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळा आहे. पाळी सक्तीची केली तर सॉफ्टवेअर मुक्त कसं राहील? कोणत्याही कारणासाठी, कुणालाही न विचारता वापरण्याचं स्वातंत्र्य हा तर पाया. खरं आहे. परवान्यातच 'वापरतोस तर दे' असं लिहिलं की रेडिसचं जे झालं तेच होतं. शाखा फुटते, लोक निघून जातात, आणि मे २०२५ मध्ये रेडिसला एजीपीएल हा मुक्त परवान्याचा पर्याय परत आणावा लागला. पण परवाना हे पाळी लिहायचं ठिकाण आहे, असं कुणी सांगितलं? फडात पाळी पाण्यावर लिहिलेली नसते, ज्याची जमीन भिजते त्याच्या नावापुढे असते. २०१५ च्या धोरणात भारत सरकारने खात्यांना मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्यायला सांगितलं, न घेतल्यास कारण द्यायला सांगितलं. पण ते घेतल्यावर ठेकेदाराने सगळ्या घटकांची यादी द्यावी, केलेली दुरुस्ती ठरल्या मुदतीत मूळ प्रकल्पाला पाठवावी आणि वार्षिक देखभालीच्या रकमेतले काही तास तिकडे खर्चावेत, हे निविदेत लिहायला कोणताही परवाना आड येत नाही.

युरोपने हे कायद्यातच लिहिलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेला तिथला सायबर-लवचिकता कायदा फावल्या वेळात कोड लिहिणाऱ्याला सोडतो आणि डिजिटल उत्पादन बाजारात विकणाऱ्याला धरतो. उत्पादनात वापरलेल्या घटकात, मग तो मुक्त का असेना, छिद्र सापडलं तर ते सांभाळणाऱ्याला कळवायचं, आणि दुरुस्ती केली असेल तर तिचा कोड त्याला द्यायचा. मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात, आणि पुण्या-नाशिकहून युरोपात इंटरनेटला जोडलेली यंत्रं पाठवणारा कारखानाही त्यांच्या कक्षेत येतो. तिथला अभियंता त्या दिवसानंतर दुरुस्तीचा तुकडा पाठवेल तो आभारापोटी नव्हे, आणि पलीकडे तो सांभाळणारा माणूस तो तपासून, नापसंत पडला तर नाकारायला पूर्वीइतकाच मोकळा असेल.